धाकटें जठर आणि जुनी ओढ

बुलढाणा जिल्ह्यांत चिखलीहून खामगांवकडे जाणाऱ्या सडकेवर अमडापूर हें गांव आहे. तेथील टेकडीवर बल्लाळदेवीचें देऊळ असून नवरात्रांत पंचक्रोशींतील लोक मोठ्या भक्तीनें तेथें जमतात. त्या नऊ दिवसांत घरोघर उपवास असतो. आणि उपवास म्हटला कीं साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी, शिंगाड्याचा शिरा, राजगिऱ्याचे लाडू हे सर्व ओघानेंच आले. अशा एखाद्या घरांत मुंबईस, पुण्यास किंवा नागपुरास जाऊन लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करून घेतलेला माणूस असला, तर या दिवसांत त्याची काय स्थिति होते याची कल्पना फार थोड्यांना असते. त्याचें जठर आतां एखाद्या केळ्याएवढें, आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या प्रकारांत तर कोंबडीच्या अंड्याएवढेंच, उरलेलें असतें. भाकरीचा चतकोर त्याला जड जातो. पण खिचडीची वाटी मात्र बघतां बघतां रिकामी होते, आणि घटकाभरानें हात पुन्हां पातेल्याकडे वळतो. हें असें कां व्हावें? पोट लहान झालें असतां ओढ तेवढीच कां राहावी?

या प्रश्नाचें उत्तर शरीरशास्त्रांत जितकें आहे तितकेंच इतिहासांत आहे. तो इतिहासही दोन ठिकाणचा आहे. एक वऱ्हाडच्या ताटाचा, दुसरा युरोप-अमेरिकेंतील शस्त्रक्रियागृहांचा.

ताटाचा आधीं पाहूं. वऱ्हाडचें जुनें रोजचें अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी. तिच्या जोडीला तुरीचें वरण, बेसनाचें पिठलें, अंबाडीची भाजी, ठेचा आणि कांदा. शेगांव येथें १८७८ सालीं प्रगट झालेल्या गजानन महाराजांच्या नैवेद्यांत पिठलें-भाकरी आणि अंबाडीची भाजी यांना आजही मान आहे. प्रदेशाचें पोट कशावर भरत होतें याचा पत्ता असा नैवेद्यांतूनही लागतो. गव्हाची पोळी, पांढरा भात आणि साखरेचें पक्वान्न हें सणावाराचें, पाहुण्याचें, लग्नकार्याचें अन्न होतें. पुरणपोळीची वाट पाहावी लागे. तिची गोडी पुरणांत होती तितकीच त्या वाट पाहण्यांत होती.

हा क्रम एका रात्रींत मोडला नाहीं. मार्च १८७० मध्यें लॉर्ड मेयो यांच्या हस्तें जलंब-खामगांव हा रेल्वेफाटा सुरू झाला, तो विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस पोंचविण्यासाठीं. परंतु माल नेणारी गाडी माल आणतेही. दुसऱ्या महायुद्धांत धान्यावर नियंत्रणें आलीं. १९५६ सालीं अमेरिकेशीं करार होऊन पी. एल. ४८० या कायद्याखालीं अमेरिकन गहूं भारतांत येऊं लागला. पुढें हरितक्रांति झाली, स्वस्त धान्याच्या दुकानांत गहूं आणि तांदूळ मिळूं लागले; आणि १९९० नंतर तर बुलढाण्याच्या काळ्या जमिनींतून ज्वारीला हुसकून सोयाबीन पसरलें. सोयाबीन विकून ज्वारी विकत आणावी, अशी वेळ ज्वारीच्याच मुलखावर आली! चहानें याच काळांत आपलें काम शांतपणें केलें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चहाच्या प्रचारकांनीं लोकांना फुकट पेले पाजून त्याची संवय लावली, आणि चहाच्या पाठीवर बसून साखर रोजच्या घरांत शिरली. तिच्या मागोमाग टोस्ट, खारी, बिस्किटें. फाळणीनंतर पंजाबांतून आलेल्या तीरथराम शर्मा यांनीं १९५० च्या सुमारास शेगांव स्टेशनावर कचोरी विकण्यास आरंभ केला. आज शेगांवची कचोरी घेतल्याशिवाय कित्येकांना यात्रा पुरी झाली असें वाटत नाहीं.

उपवासाच्या ताटाची गंमत याहूनही अधिक आहे. बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची हीं सारी मंडळी मूळचीं अमेरिका खंडांतील. पोर्तुगीज आदि दर्यावर्दी लोकांनीं तीं इकडे आणलीं, आणि ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. त्याचे कारखाने तामिळनाडूंत सेलम भागांत उभे राहिले ते १९४० नंतर. जुन्या व्रतग्रंथांना हे पदार्थ ठाऊकच नव्हते, म्हणून ते निषिद्धांच्या यादींत नव्हते, आणि यादींत नव्हते म्हणूनच बहुधा फराळांत आले. खुद्द साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यांत चोथा नाहीं, प्रथिनें नाहींत म्हटलें तरी चालेल.

यावरून एक गोष्ट ध्यानीं येते. ज्या पदार्थांपुढें शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा निश्चय ढळतो, ते पदार्थ जवळजवळ सर्व सणाचे, पाहुणचाराचे, प्रवासाचे किंवा देवाच्या नांवाचे आहेत. ते कोणीतरी प्रेमानें पुढें केलेले असतात. एकेकाळीं ते क्वचित् मिळत. आतां ते रोज मिळतात, पण त्यांच्याभोंवतालचा आनंद मात्र जुनाच राहिला आहे. शस्त्रवैद्याच्या हातांत जठर असतें. हा आनंद त्याच्या हातांत नसतो.

आतां दुसरा इतिहास. २९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ या शस्त्रवैद्यानें कर्करोगानें ग्रासलेल्या एका स्त्रीच्या जठराचा भाग कापून काढला आणि उरलेलें जठर आंतड्यास जोडलें. ती स्त्री शस्त्रक्रियेंतून वांचली, जरी कांहीं महिन्यांनीं तिला त्याच रोगानें मृत्यु आला. जठराला हात लावतां येतो एवढें मात्र सिद्ध झालें, आणि पुढें जठरव्रणासाठींही अशा शस्त्रक्रिया होऊं लागल्या. रोगी बरे होत. परंतु जेवण झाल्यावर त्यांतील कांहींना घाम सुटे, छाती धडधडे, भोंवळ येई, पोटांत कळा येत. लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनीं १९१३ सालीं या लक्षणांचें वर्णन केलें, आणि १९२२ सालीं अमेरिकेंतील डॉ. मिक्स यांनीं त्यांस ‘डंपिंग’ हें नांव दिलें. गाडी उलटी करून माल एकदम ओतावा, तसें अन्न जठरांत न थांबतां आंतड्यांत ओतलें जातें, असा त्याचा अर्थ. त्या काळीं ही केवळ एक पीडा होती. तिचा पुढें उपयोगही होईल हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.

लठ्ठपणासाठीं म्हणून शस्त्र उचललें गेलें तें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १९५४ सालीं मिनेसोटा विद्यापीठांतील क्रेमेन, लिनर प्रभृतींनीं लहान आंतड्याचा बराच भाग अन्नाच्या वाटेंतून वगळण्याची युक्ति प्रसिद्ध केली. अशा शस्त्रक्रियांनीं वजन उतरे. पण यकृत बिघडे, मूत्रपिंडांत खडे होत, आणि अखेर ती पद्धति सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनीं निराळी वाट धरली. व्रणासाठीं जठर कापलेल्या स्त्रियांचें वजन पुन्हां वाढत नाहीं हें त्यांनीं हेरलें, आणि १९६६ सालीं जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तोच आंतड्यास जोडण्याची ‘बायपास’ शस्त्रक्रिया केली. पुढें १९८० च्या सुमारास, आंतड्याला मुळींच हात न लावतां जठराचीच एक लहान पिशवी करून तिचें तोंड पट्टीनें आंवळण्याची सोपी रीतही त्यांनींच काढली. कागदावर ही दुसरी रीत निर्दोष दिसे. पोट लहान, खाणें थोडें, धोकाही कमी!

पण माणूस कागदावर जेवत नाहीं. रिचमंड येथील हार्वे शुगरमन यांनीं (आडनांवांतच साखर असलेल्या गृहस्थांनीं हें काम करावें हा एक योगायोग) १९८७ सालीं एक लहानसा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस रोगी. वीस जणांवर बायपास, वीस जणांवर पिशवीची शस्त्रक्रिया. गोड खाण्याची संवय असणारे आणि नसणारे दोन्ही गटांत होते. पिशवीवाल्यांपैकीं गोडखाऊ मंडळींचें वजन फारसें उतरलें नाहीं. बायपास झालेल्या गोडखाऊंचें मात्र उत्तम उतरलें. कारण सरळ आहे. पिशवीचें अरुंद तोंड पोळी अडवी, मांस अडवी. पण आइसक्रीम, सरबत, दुधांत बुडविलेलें बिस्किट यांना तें कसें अडविणार? बायपासवाल्याला मात्र मिठाई खाल्ली कीं अर्ध्या तासाच्या आंत तेंच जुनें डंपिंग गांठी, आणि दोन वेळ तसा घाम फुटल्यावर तिसऱ्या वेळीं पेढ्याकडे पाहूंही नये असें वाटे. जी पीडा होती तीच पहारेकरी झाली. पुढील संशोधकांना हा भेद सर्वत्र इतका स्वच्छ आढळला नाहीं हें खरें. तरीपण पोट किती मावतें यापेक्षां त्यांत काय जातें हें पाहावें, ही दृष्टि त्या चाळीस रोग्यांनीं दिली.

महाराष्ट्राचा भाग यानंतरचा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनीं १९९० सालीं दुर्बिणीनें पित्ताशय काढण्याची भारतांतील पहिली शस्त्रक्रिया केली. पोट उभें न फाडतां आंत काम करण्याची ही विद्या रुळल्यावर लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांना वाट मोकळी झाली. २०११ सालीं नागपूरचे नितीन गडकरी यांनीं मुंबईंत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हां विदर्भांतील पुष्कळांनीं तिचें नांव प्रथमच ऐकलें असेल. २०१७ च्या फेब्रुवारींत अलेक्झांड्रियाची इमान अहमद हिला मुंबईच्या सैफी रुग्णालयांत आणण्यांत आलें. तिचें वजन पांचशें किलोच्या आसपास असल्याचें तेव्हां सांगण्यांत आलें. त्या वेळीं वर्तमानपत्रें या विषयानें भरून गेलीं. तिच्यावर मार्चमध्यें शस्त्रक्रिया झाली. पुढें तिला अबुधाबीस नेलें, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत ती वारली. तिच्यावर झालेली ‘स्लीव्ह’, म्हणजे जठराचा मोठा बाहेरचा भाग काढून टाकून बाहीसारखी नळी ठेवण्याची, शस्त्रक्रियाच आज जगांत सर्वांत अधिक केली जाते.

येथें पुण्याच्या एका संशोधनाचें स्मरण करणें अप्रस्तुत होणार नाहीं. २००४ सालीं डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनीं स्वतःचींच छायाचित्रें छापून दाखविलें कीं, उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच, निर्देशांक २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. कपड्यांत बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटांत किती चरबी दडलेली असते, याचें याहून चांगलें चित्र सांपडणार नाहीं. भारतीयांत शस्त्रक्रियेचा विचार युरोपीयांपेक्षां कमी निर्देशांकावर करतात, त्याचें कारण हेंच.

आतां त्या खिचडीच्या वाटीकडे वळूं. जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनीं १९९९ सालीं ‘घ्रेलिन’ नांवाचें संप्रेरक शोधून काढलें. तें मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागांत तयार होतें आणि मेंदूला भुकेची वर्दी देतें. स्लीव्हमध्यें नेमका तोच भाग जातो. म्हणून पहिले कांहीं महिने रोग्याला भूकच लागत नाहीं. घरची मंडळी समजतात कीं संकट टळलें. परंतु वर्ष-दीड वर्षांत शरीर आपली जुनी वाट पुन्हां शोधूं लागतें, नळी थोडी सैल होते, भूक परतते. याच सुमारास रोग्याला नकळत एक शोध लागतो. भाकरी, उसळ, अंडें, मासळी हे पदार्थ नळींत थांबतात, थोड्यांत पोट भरतें, घाई केली तर छातींत दाटतेंही. चहांत बुडविलेली खारी, शेव, चिवडा, साबुदाणा मात्र मऊ होऊन सरकतात आणि कितीही सरकतात. चांगलें अन्न त्रास देतें आणि वाईट अन्न लाड करतें, अशी ही विपरीत शाळा आहे! माणूस दुबळ्या मनाचा म्हणून तिकडे वळतो असें नव्हे. त्याच्या शरीराची नवी रचनाच त्याला तिकडे ढकलते.

यांत आणखी एक चक्र आहे. पिष्ट किंवा साखर आंतड्यांत वेगानें उतरली कीं रक्तांतील साखर एकदम चढते, तिला आंवरण्यासाठीं इन्सुलिन वाजवीपेक्षां अधिक सुटतें, आणि खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनीं साखर उलट फार खालीं जाते. हात कांपतात, घाम येतो, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि त्या क्षणीं जी ओढ लागते ती पुन्हां गोडाचीच. गोड खाल्लें कीं बरें वाटतें, आणि दोन तासांनीं तोच खेळ पुन्हां. बाहेरून पाहणारा याला हांवरेपणा म्हणतो. वस्तुतः हा रक्तांतील चढउतार असतो. तो वारंवार होत असेल, किंवा शुद्ध हरपत असेल, तर वैद्याला लगेच सांगितलें पाहिजे, कारण त्यावर आहाराचे तसेच औषधाचेही उपाय आहेत.

उपाय बहुतांशीं स्वयंपाकघरांतलेच आहेत, आणि ते एकट्या रोग्याच्या हातचे नाहींत. पानांत प्रथम प्रथिनांचा पदार्थ यावा: घट्ट वरण, मुगाची किंवा मटकीची उसळ, पनीर, दही, अंडें, मासळी. मग भाजी. भाकरी किंवा पोळी सर्वांत शेवटीं, पोटांत जागा उरली तर. दिवसाकांठीं निदान साठ ग्राम प्रथिनें पोटांत जावींत असें सांगतात; दोन घांस वरणानें हा हिशेब पुरा होत नाहीं. पाणी आणि ताक जेवणाबरोबर न घेतां अर्धा तास मागेंपुढें घ्यावें, कारण पातळ पदार्थाबरोबर पिष्ट अधिकच वेगानें सरकतें. खरी भूक आणि ओढ यांतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे: समोर मुगाची उसळ ठेवली असतां ती खावीशी वाटली तर ती भूक, उसळ नको, खारीच हवी, असें वाटलें तर ती ओढ. ओढीचा पदार्थ डब्यांत ठेवून त्याच्याशीं रोज झुंजण्यापेक्षां तो डबाच घरांत नसावा. मुलांना हवा तर त्यांनीं बाहेर खावा. जीवनसत्त्वें, विशेषतः ब-१२, आणि लोह यांच्या गोळ्या व वेळोवेळीं रक्ताची तपासणी या गोष्टी जन्मभराच्या आहेत. तीन वर्षें झालीं, आतां कशाला, असें म्हणून त्या सोडणारे पुष्कळ असतात.

पण सर्वांत अवघड वस्तु म्हणजे आग्रह. ‘थोडं तरी घे वं, एवढ्यानं काय होते!’ हें वाक्य वऱ्हाडांत ज्या मायेनें म्हटलें जातें, ती माया नाकारणें म्हणजे माणूस नाकारण्यासारखें वाटतें. मग तीच मंडळी, वजन चार किलो वाढलेलें पाहून, एवढा खर्च करून शेवटीं काय झालें असें ऐकवितात. या दोन वाक्यांच्या मध्यें सांपडलेला माणूस लाजून लपून खाऊं लागतो, आणि त्याच लाजेनें दवाखान्यांत जाणेंही सोडतो. खरी हानि येथें होते. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनीं थोडें वजन परत येणें ही नेहमीची गोष्ट आहे, ती वेळींच आंवरतांही येते. पण जो दाखवावयासच येत नाहीं त्याचें वैद्यानें काय करावें? श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा कोणी असेल, त्यांनीं त्याच्या पानाकडे टक लावून पाहूं नये आणि त्याच्या पानांत वाढूंही नये. पाहुणा आला तर कचोरीऐवजीं त्याच्यासमवेत टेकडीपर्यंत चालत जावें. पाहुणचार तोही आहे.

उपवासाचा प्रश्नही असाच सुटण्यासारखा आहे. आजारी, वृद्ध आणि गर्भिणी यांना व्रतांत सूट देण्याची चाल जुनीच आहे, आणि जठर कापलेल्या माणसाला ती सहज लागू पडते. ज्याला उपवास करावयाचाच असेल त्यानें निर्जळ राहूं नये, कारण लहान जठराला पाण्याची तूट मागाहून एकदम भरून काढतां येत नाहीं. फराळांत दही, पनीर, मूठभर शेंगदाणे, लाल भोपळ्याची भाजी, काकडी यांवर भर द्यावा. भगर चार घांस. साबुदाणा टाळलेलाच बरा.

विदर्भानें या विषयांत आणखी एक विचार दिला आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) हे खाण्याच्या प्रत्येक वेळीं सुटणाऱ्या इन्सुलिनकडे बोट दाखवून, दिवसांतून दोनदांच जेवावें असें आपल्या व्याख्यानांतून सांगत. पुढें डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं तो विचार महाराष्ट्रभर नेला: कडक भूक लागेल तेव्हां दोनदां जेवण, प्रत्येक पंचावन्न मिनिटांच्या आंत, आणि रोज चालणें. निरोगी माणसाला त्याचा गुण येत असेल; परंतु शस्त्रक्रिया झालेल्यानें तो आपल्या मनानें उचलूं नये. त्याच्या जठरांत दोन वेळच्या जेवणाचीं प्रथिनें मावत नाहींत, आणि एका वेळीं अधिक खाण्याचा प्रयत्न म्हणजे डंपिंगला आमंत्रण. शेजाऱ्याचा चष्मा कितीही चांगला असला तरी तो आपल्या डोळ्यांना लागतोच असें नाहीं.

अलीकडे भूक शमविणारीं इंजेक्शनें निघालीं आहेत, आणि तीं भारतांतही मिळूं लागलीं आहेत. आंतड्यांतील एका संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या या औषधांनीं, डोक्यांत सतत चालणारा खाण्याचा गलबला थांबतो असें घेणारे सांगतात. परंतु त्यांतील सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चांचणींत, औषध बंद केल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनाचे सुमारें दोन तृतीयांश परत आलें. डब्यांतली खारी तशीच राहिली, तर औषधालाही तिच्याशीं जन्मभर झुंजावें लागेल असें दिसतें.

संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. तेव्हांपासून बुलढाण्याच्या शेतांतून हुसकलेली ज्वारी शहरांतील दुकानांत ‘मिलेट’ या नांवानें सुंदर पुडक्यांतून विकली जाऊं लागली आहे: ज्वारीचीं बिस्किटें, ज्वारीचा चिवडा, ज्वारीचे फुगविलेले गोड दाणे. शस्त्रक्रिया झालेल्याच्या घरीं हीं पुडकीं मोठ्या विश्वासानें आणलीं जातात. ज्वारीच्या भाकरीचा चतकोर नळींत थांबतो, चावावा लागतो, पिठल्याबरोबर खाल्ला जातो. ज्वारीचें बिस्किट मात्र चहांत गव्हाच्या बिस्किटासारखेंच विरघळतें. पुडक्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत साखरेचा आंकडा छापलेला असतो. दुकानांतच चष्मा लावून तो वाचावा, आणि मग पुडकें पिशवींत टाकावें कीं फळीवर परत ठेवावें हें ठरवावें.